नदीवरून जाणारा कालवा

नदी ओलांडण्यासाठी पूल बांधतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पुलावरून माणसे जातात, बैलगाड्या जातात, मोटारी आणि आगगाड्या जातात. पण पुलावरून नाव गेलेली आपण पाहिली आहे का? खाली नदी वाहते आहे, तिच्या पाण्यावर पुलाच्या कमानींची सावली पडली आहे आणि वरून पाण्याने भरलेल्या दगडी पन्हळीतून एक लांबलचक नाव सावकाश निघाली आहे. नदीच्या डोक्यावरून दुसरे पाणी, आणि त्या पाण्यावर नाव!

दक्षिण फ्रान्समधील बेझिए या शहरात हे दृश्य रोज दिसते. टेकडीवर वसलेल्या या जुन्या शहराच्या पायथ्याशी ऑर्ब नावाची नदी वाहते. तिच्यावरून जाणारा दगडी जलसेतू २४० मीटर लांब, २८ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच आहे. खाली सात मोठ्या कमानी आहेत आणि त्यांच्यावर लहान कमानींची एक रांग आहे. हा पूल १८५८ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला. मात्र ज्या कालव्यासाठी तो बांधला, तो कालवा सुरू झाला होता १६८१ मध्ये. म्हणजे कालवा आधी आणि पूल तब्बल १७७ वर्षांनी! मधल्या काळात नावा नदी कशा ओलांडत होत्या? पूल इतक्या उशिरा का झाला? आणि झाला तेव्हा त्याचा उपयोग किती झाला? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अर्थकारण यांची चांगलीच सरमिसळ होते.

दोन समुद्रांना जोडणारा कालवा

फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र. नकाशा उघडून पाहिले तर या दोहोंमधला जमिनीचा पट्टा एका ठिकाणी बराच अरुंद झालेला दिसतो. पण सतराव्या शतकात एका किनाऱ्यावरचा माल दुसऱ्या किनाऱ्यावर जहाजाने न्यायचा तर स्पेन आणि पोर्तुगालला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जावे लागे. हा वळसा सुमारे ३,००० किलोमीटरचा होता. वाटेत वादळांचे भय होते, चाच्यांचेही होते.

यावर तोडगा म्हणून कालव्याची योजना मांडली पिएर-पॉल रिके या गृहस्थाने. रिके हा काही शिकलेला अभियंता नव्हता. लांगदोक प्रांतात मिठावरचा कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. त्याचा जन्म बेझिएचाच. १६६२ मध्ये त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहून आपली योजना कळवली. १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली आणि काम सुरू झाले.

कालव्यातली मुख्य अडचण खोदण्याची नव्हती, पाण्याची होती. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाताना वाटेत नोरूझ येथे समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर उंचीचा उंचवटा येतो. कालवा या उंचवट्यावर चढतो आणि पलीकडे उतरतो. मग सगळ्यात उंच ठिकाणी पाणी आणायचे कोठून? रिकेने उत्तरेकडच्या डोंगरातले ओढे पाटांनी वळवून नोरूझला आणले आणि उन्हाळ्यासाठी सँ-फेरेओल येथे मोठे धरण बांधून पाणी साठवले. कालव्याचे बाकी सगळे गणित या एका कल्पनेवर उभे होते.

हजारो मजूर या कामावर राबले. त्यांत स्त्रियाही होत्या. १६८० च्या ऑक्टोबरात रिके वारला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात कालवा सुरू झाला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. आज त्याला कॅनाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा, असे म्हणतात.

इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट बहुधा येथे संपते. प्रत्यक्षात ती येथे संपली नव्हती. हत्ती गेला होता, शेपूट बेझिएला अडकले होते.

पायऱ्या उतरून नदीत

बेझिएला येण्यापूर्वी कालवा ५४ किलोमीटर एकाच पातळीत येतो. डोंगराच्या कुशीतून समान उंचीची रेषा धरून तो वळणे घेत जातो. वाटेत मालपासची टेकडी आडवी येते, तर तिच्यातून बोगदा काढला आहे. मग फोंसेरान येथे टेकडी एकदम संपते. समोर खोल दरीत ऑर्ब आणि पलीकडे बेझिए शहर!

नावेला उंचावरून खाली उतरवण्यासाठी कालव्यात लॉक बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी. नाव वरच्या दरवाजातून आत घ्यायची, दरवाजा लावायचा, कोठीतले पाणी खाली सोडून नावेला हळूहळू उतरवायचे आणि पाणी खालच्या पातळीला आले की खालचा दरवाजा उघडायचा. फोंसेरानला उतार इतका मोठा होता की रिकेने एकापुढे एक अशा आठ कोठ्या जिन्यासारख्या बांधल्या. एका कोठीचा खालचा दरवाजा हाच पुढच्या कोठीचा वरचा दरवाजा. त्यामुळे आठ कोठ्यांना नऊ दरवाजे पुरले. सुमारे ३०० मीटर अंतरात नाव २१.५ मीटर खाली उतरे. कोठ्यांच्या भिंती सरळ नाहीत, त्या बाहेरच्या बाजूला फुगलेल्या आहेत. बाहेरची माती भिंतीला आत ढकलत असते. भिंत गोलाईची असली की ती आडव्या पडलेल्या कमानीसारखी तो दाब सोसते.

हा जिना उतरून नाव येई ती थेट ऑर्ब नदीच्या पाण्यात. तेथून सुमारे एक किलोमीटर नदीतूनच जायचे आणि पलीकडच्या काठाला लागून पुन्हा कालव्यात शिरायचे. २४० किलोमीटरच्या वाटेतला हा जेमतेम एक किलोमीटर. पण नाविकांना सगळ्यात धास्ती वाटे ती याच टप्प्याची.

नदी आणि कालवा यांचे जमत का नाही?

कालव्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे स्थिर पातळी. पाणी दोन मीटर तर दोन मीटर, बारा महिने तेवढेच. नदीला नेमके हेच जमत नाही. त्यात ऑर्ब ही भूमध्य प्रदेशातली नदी. तिकडचा पाऊस आपल्या पावसाळ्याच्या उलट चालतो. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो आणि शरद ऋतूत अचानक मुसळधार पाऊस होतो. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून आलेली दमट हवा उत्तरेकडच्या डोंगरांना थडकून वर चढते, थंड होते आणि काही तासांत प्रचंड पाऊस पडून जातो. ऑर्बची लांबी सुमारे १३५ किलोमीटर. तिचा उगम डोंगरात आणि उतार बराच. त्यामुळे डोंगरात पडलेला पाऊस पाहता पाहता बेझिएला पोचतो.

म्हणजे उन्हाळ्यात नावेच्या तळाला पुरेसे पाणी नाही आणि शरदात पुरात नाव घालण्याची सोय नाही. उन्हाळ्यावर उपाय म्हणून नदीत आडवा बंधारा घालून पाणी तुंबवले. पण त्यातून नवीन दुखणे सुरू झाले. वाहत्या पाण्याची वाळू वाहून नेण्याची ताकद त्याच्या वेगावर अवलंबून असते. बंधाऱ्यामागे पाणी थबकले की वेग कमी होतो आणि वाळू खाली बसते. जेथे खोल पाणी हवे म्हणून बंधारा घातला, तेथेच गाळ साचून पाणी उथळ होऊ लागले. विद्यार्थ्यांना हे लगेच दाखवता येते. बाटलीत पाणी आणि माती घालून हलवा आणि मग बाटली टेबलावर ठेवा. पाणी हलत असेपर्यंत माती तरंगत राहते. पाणी निवले की आधी वाळू बसते, मग बारीक गाळ.

पूर आला की नावा दोन्ही काठांना अडकून पडत. पूर ओसरला तरी गाळ काढेपर्यंत वाट मोकळी होत नसे. एका टोकाला तुलूझचे धान्य, दुसऱ्या टोकाला भूमध्य समुद्राकडचा माल, आणि सगळे एका किलोमीटरपाशी ताटकळलेले.

माहीत होते, तरी केले नाही

येथे कोणी विचारील, की मग पहिल्यापासूनच पूल का बांधला नाही? कल्पना सुचली नव्हती का? तसे मुळीच नाही. याच कालव्यावर रेप्युद्र नावाच्या लहान नदीवरून रिकेने १६७६ मध्येच जलसेतू नेला होता. तो फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला पूल. तो अजून उभा आहे आणि वापरात आहे. पुढे १६८६ मध्ये किल्ल्यांच्या बांधणीसाठी प्रसिद्ध असलेला अभियंता वोबाँ याने कालव्याची पाहणी केली. कालव्यात शिरणारे ओढे गाळ आणतात आणि काठ फोडतात, हे त्याने ओळखले. त्याच्या सूचनेवरून अनेक ओढे कालव्याखालून मोऱ्यांतून काढण्यात आले आणि सेस नदीवर १६९० च्या सुमारास जलसेतू झाला. ऑर्ब मात्र तशीच राहिली.

कारण ऑर्ब या सगळ्यांपेक्षा मोठी. तिच्या पुराच्या पाण्याला वाट ठेवायची तर पूल लांब हवा आणि उंच हवा. पूल उंच केला की कालव्याची पातळीही दोन्ही काठांवर तेवढीच वर हवी. म्हणजे पूल बांधून भागत नाही, शहराच्या बाजूने कालव्याचा नवा फाटा खोदावा लागतो आणि नवी लॉक बांधावी लागतात. अठराव्या शतकात तशा योजना मांडल्या गेल्या, पण खर्चाचा आकडा पाहून त्या बाजूला पडल्या. नदीतून जाण्याचा मार्ग वाईट असला तरी चालू होता. चालू असलेली वाईट व्यवस्था बदलणे हे नवी व्यवस्था उभारण्यापेक्षा किती अवघड असते, हे आपण शाळेतही पाहतोच.

दुसरी अडचण चुन्याची होती. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही आणि तो मऊच राहतो. पाण्याखालच्या बांधकामासाठी रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. या राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना यांची चुन्याशी रासायनिक क्रिया होते आणि मिश्रण पाण्याखालीही दगडासारखे होते. सतराव्या शतकात अशी राख इटलीहून आणावी लागे. लुई विका या फ्रेंच अभियंत्याने यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि १८१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. चुनखडी आणि चिकणमाती ठरावीक प्रमाणात एकत्र भाजली तर पाण्यात घट्ट होणारा चुना कोठेही तयार करता येतो, असे त्याने दाखवून दिले. पाया खणताना पाणी उपसण्यासाठी वाफेचे पंपही याच सुमारास उपलब्ध झाले. रिकेला जे महाग आणि धोक्याचे होते, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आटोक्यात आले होते.

मागेसचा पूल

अखेर युर्बँ मागेस या अभियंत्याने पुलाचा आराखडा केला. १८५४ मध्ये काम सुरू झाले, १८५७ मध्ये पुरे झाले आणि १८५८ मध्ये पहिल्यांदा नावा नदीच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. फोंसेरानच्या जिन्याच्या अगदी तळापर्यंत उतरण्याची गरज उरली नाही. नाव जिन्याचा शेवट येण्यापूर्वीच बाजूला वळते, पुलावरून पलीकडे जाते आणि मग शहराच्या बाजूला नव्या बंदराच्या आगेमागे बांधलेल्या दोन लॉकमधून खाली उतरते. त्यांतले ऑर्बचे लॉक सुमारे ६ मीटर खोल आहे.

मनात ठेवण्याजोगी एक गोष्ट म्हणजे कालवा २४० किलोमीटर आणि पूल २४० मीटर. लांबीच्या हजाराव्या भागासाठी बाकीच्या सगळ्या कालव्याला पावणेदोनशे वर्षे थांबावे लागले.

नाव गेल्यावर पुलावरचा भार किती वाढतो?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. समजा, पुलावरून १०० टन वजनाची नाव जात आहे. पुलावरचा भार किती वाढला? बहुतेक मुले १०० टन म्हणतील. आपल्यापैकीही काही जण क्षणभर तेच म्हणतील.

खरे उत्तर आहे, मुळीच नाही. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. १०० टनांची नाव पुलावर येते तेव्हा १०० टन पाण्याची जागा घेते आणि तेवढे पाणी पुलाबाहेर, कालव्याच्या उरलेल्या भागात सरकते. पुलाला नाव आल्याचे कळतही नाही! आता ते बाजूला सरलेले पाणी कोठे जाते? समजा, कालव्याचा हा सपाट टप्पा १ किलोमीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. त्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ १५,००० चौरस मीटर. १०० टन पाणी म्हणजे १०० घनमीटर. ते सगळीकडे पसरले तर पातळी वाढेल सुमारे ६.७ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढी. आणि नाव आधीपासून त्याच टप्प्यात असेल, तर ती पुढे सरकल्याने तेवढाही फरक पडत नाही.

प्रयोग सोपा आहे. एक पातेले पाण्याने काठोकाठ भरून तराजूवर ठेवा आणि वजन लिहून घ्या. लाकडाचा ठोकळा अलगद पाण्यात सोडा. पाणी सांडेल. सांडलेले पाणी फडक्याने टिपून घ्या, पातेले बाहेरून कोरडे करा आणि पुन्हा वजन पाहा. काटा पहिल्या जागीच असेल. मग ठोकळ्याऐवजी दगड टाकून तोच प्रयोग करा. आता काटा हलेल. का, हे मुलांनाच शोधू द्या.

म्हणजे जलसेतू बांधणे सोपे का? तसेही नाही. रस्त्याच्या पुलावर माणसांची दाटीवाटीची गर्दी उभी राहिली तरी दर चौरस मीटरवर साधारण अर्धा टन भार येतो. दोन मीटर खोल पाणी मात्र दर चौरस मीटरवर दोन टन भार टाकते, आणि तोही रात्रंदिवस. पन्हळ १० मीटर रुंद धरली तरी २४० मीटर लांबीत ४,८०० टन पाणी होते. दगडी कमानीला मात्र स्थिर भाराचे भय नसते. वरून सारखा दाब असला की तिचे दगड एकमेकांवर घट्ट बसतात. तिला त्रास होतो तो जागा बदलणाऱ्या भाराचा. आगगाडीचे इंजिन कमानीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, तसा आतल्या दाबाचा मार्ग सरकत राहतो. जलसेतूवर हे होत नाही.

जलसेतूला खरी भीती दोन गोष्टींची. पहिली बाजूच्या भिंतींची. दोन मीटर खोल पाण्यात तळाशी दर चौरस मीटरला दोन टन दाब असतो आणि पृष्ठभागाशी शून्य. सरासरी एक टन. त्यामुळे भिंतीच्या दर मीटर लांबीला पाणी दोन टन बळाने बाहेर ढकलते. गंमत अशी की पन्हळ पाच मीटर रुंद असो की पन्नास मीटर, हे बळ बदलत नाही. ते फक्त खोलीवर ठरते. दुसरी भीती गळतीची. दगडांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी चुना हळूहळू धुऊन नेते, हिवाळ्यात त्याचा बर्फ झाला की तो प्रसरण पावून भेग रुंदावतो आणि बांधकाम आतून खिळखिळे होते. म्हणून अशा पुलाचा कस वजन पेलण्यापेक्षा पाणी धरून ठेवण्यात लागतो.

लांगदोक प्रांतातच पोंत द्यु गार नावाचा रोमन जलसेतू आहे. तो बेझिएच्या पुलाहून कितीतरी उंच, सुमारे ४९ मीटर. पण त्यावरची पन्हळ सव्वा मीटरभर रुंद, कारण तिला केवळ शहराचे पिण्याचे पाणी न्यायचे होते. बेझिएच्या पुलाला नावही न्यायची होती आणि नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी बाजूने वाटही ठेवायची होती. काम बदलले की रूप बदलते.

तोच अभियंता, दुसरे उत्तर

मागेसपुढे त्याच वर्षांत आणखी एक नदी होती. बेझिएच्या पुढे समुद्राजवळ लिब्रों नावाची छोटी नदी कालव्याला आडवी जाते. येथे कालवा आणि नदी जवळजवळ एकाच पातळीत आहेत आणि समुद्र अगदी जवळ. नदी वरून पूल नेऊ देत नाही आणि खालून मोरी काढायलाही उंची नाही. मग मागेसने नदीचेच दोन फाटे केले. पूर आला की एका वेळी एका फाट्याचे पाणी कालव्यावरून आडवे जाऊ द्यायचे. त्यासाठी रुळांवरून सरकणाऱ्या पन्हळी कालव्यावर आणून ठेवायच्या. नाव पहिला फाटा ओलांडून मधल्या जागेत थांबते. मग मागच्या फाट्यातून पूर सोडतात, पुढचा बंद करतात आणि नाव पुढे निघते. ऑर्बवर नावेला पुराच्या वरून नेले, येथे पुराला कालव्याच्या वरून नेले!

आणि आग्दजवळच्या एरो नदीत कालव्याच्या नावा आजही थेट उतरतात आणि काही अंतर नदीतूनच जातात. एकाच कालव्यावर, थोड्याच अंतरात, नदी ओलांडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. यांतली कोणती उत्तम, हा प्रश्नच चुकीचा आहे. बेझिएला उंच पूल शक्य झाला, कारण कालवा तेथे मुळातच टेकडीवरून येत होता. उत्तर अभियंत्याच्या हुशारीवर जेवढे अवलंबून असते, तेवढेच जमिनीच्या उंचसखलपणावरही असते.

वरातीमागून घोडे

आता तिसरा प्रश्न. इतक्या वर्षांनी झालेल्या पुलाचा उपयोग किती झाला?

१८५६ मध्ये तुलूझपासून पश्चिमेकडे जाणारा गारोन नदीच्या बाजूचा कालवा पूर्ण झाला. रिकेच्या मनातला दोन समुद्रांचा जलमार्ग आता खऱ्या अर्थाने सलग झाला. त्या वर्षी कॅनाल द्यु मिदीवरची वाहतूक कळसाला पोचली होती. सुमारे एक लाख प्रवाशांनी त्या वर्षी कालव्यातून प्रवास केला. ऑर्बचा पूल झाला की शेवटचा अडथळाही दूर होणार होता.

पण त्याच सुमारास बोर्दो, तुलूझ आणि सेत यांना जोडणारा लोहमार्ग बांधला जात होता. १८५७ मध्ये आगगाडी बेझिएवरून भूमध्य समुद्रापर्यंत धावू लागली. आणि १८५८ मध्ये, म्हणजे पूल खुला झाला त्याच वर्षी, हा कालवा ४० वर्षांच्या कराराने चालवायला देण्यात आला. कोणाला? तर त्याच मार्गावर रेल्वे चालवणाऱ्या कंपनीला! कालव्याची भरभराट होण्यात या कंपनीला काय रस असणार? तिने कालव्यावरचे दर असे ठेवले की माल रेल्वेकडे वळावा. वाहतूक घटत गेली. १८९७ मध्ये कायदा करून सरकारने कालवा ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी करार संपला, तोपर्यंत व्यापारी रेल्वेला सरावले होते.

शाळेत आपण सांगतो की रेल्वे वेगवान होती म्हणून कालवे मागे पडले. हे खरेच आहे. घोड्याने ओढलेली नाव आणि वाफेचे इंजिन यांची वेगात बरोबरी कशी होणार? अरुंद कालव्यात तर नावेला वेग वाढवताही येत नाही. नाव पुढे जाते तेव्हा समोरचे पाणी तिच्या बाजूने आणि तळाखालून मागे यावे लागते. वाट अरुंद असली की पाणी पिचकारीतल्यासारखे कोंडते आणि विरोध झपाट्याने वाढतो. पण वेगाची निकड नसलेला जड माल, म्हणजे धान्य, दारूची पिंपे, कोळसा, कालव्याने नेणे परवडू शकत होते. त्याचेही नुकसान झाले ते यंत्रामुळे कमी आणि करारामुळे जास्त. तंत्रज्ञानाची हारजीत केवळ भौतिकशास्त्र ठरवत नाही. दर कोण ठरवतो, यावरही पुष्कळ काही ठरते.

पूल अजून उभा आहे

पुढे १८७९ मध्ये फ्रान्सने कालव्यांसाठी मोठे माप ठरवले. साडेअडतीस मीटर लांबीच्या नावा त्यात बसणार होत्या. रिकेची लॉक होती सुमारे ३० मीटरच्या नावांसाठी. १९८० च्या दशकात फोंसेरानच्या जिन्याशेजारी मोठ्या नावा चढवण्यासाठी पाण्याचा उतार बांधला गेला. त्यात एक प्रचंड यंत्र पाण्याच्या पाचरीसकट नावेला उतारावरून ढकलत वर नेई. हे यंत्र वारंवार बिघडले आणि शेवटी २००१ मध्ये बंद पडले. मालवाहतूक तोवर संपलीच होती. तीनशे वर्षे जुना दगडी जिना मात्र चालूच राहिला.

१९९६ मध्ये युनेस्कोने कॅनाल द्यु मिदीला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आता त्यावरून हौशी प्रवाशांच्या नावा जातात. ऑर्बच्या पुलावर त्या थोड्या रेंगाळतात, कारण तेथून टेकडीवरचे बेझिएचे कॅथीड्रल आणि खाली मध्ययुगातला जुना दगडी पूल एकाच नजरेत दिसतात. कालव्याचा हा वारसाही निर्धास्त नाही. काठावरच्या हजारो प्लेन वृक्षांवर २००६ पासून एक बुरशीजन्य रोग पसरला. ती झाडे तोडून नवी लावण्याचे काम सुरू आहे. या झाडांची मुळे काठ धरून ठेवत आणि सावली बाष्पीभवन कमी करीत असे. म्हणजे या कालव्याची गोष्ट अजूनही पुरी झालेली नाही.

मागेसचा पूल चुकला होता का? नाही. त्याच्यापुढे जो प्रश्न होता, तो त्याने उत्तम सोडवला. ऑर्बला कितीही पूर येवो, नाव अडकत नाही. फक्त उत्तर तयार होईपर्यंत बाहेरच्या जगाने प्रश्नच बदलला होता. नदीच्या पुराची पातळी मोजता येते आणि तिच्यापेक्षा उंच कमान बांधता येते. बदलत्या काळाची पातळी कशी मोजायची, हे मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते. त्यासाठी मुलांना भूगोल, विज्ञान आणि इतिहास या तिन्ही तासांना एकत्र बसवावे लागते. बेझिएचा पूल त्याला चांगला निमित्त होईल.